रूपपालटाची कथा

गेल्या वर्षी आमच्या हस्तलिखितासाठी एका विद्यार्थ्याने चित्रकथा आणून दिली. एक मुलगा सकाळी जागा होतो तो मुलगी होऊन, अशी तिची कल्पना. चित्रे सुबक होती. परंतु बारा चौकटींपैकी अकरांत वेणी, बांगड्या व अडखळती चाल यांवरच विनोद केलेला होता. वर्गातील मुले खदखदून हसली; मुली मात्र गप्प राहिल्या. त्या का हसल्या नाहीत, आणि अशी कथा चांगली केव्हा म्हणावी, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

ही कल्पना नवी नव्हे. महाभारताच्या विराटपर्वातील बृहन्नडेची कथाच घ्या. पांडवांना तेरावे वर्ष अज्ञातवासात काढावयाचे होते. ओळख फुटली तर पुन्हा बारा वर्षे वनवास ठेवलेला. उर्वशीच्या शापाने अर्जुनास एक वर्ष पुरुषत्वावाचून राहणे प्राप्त होते. तोच शाप त्याने या वर्षी उपयोगास आणिला. इंद्रलोकी चित्रसेन गंधर्वापाशी तो गायन व नृत्य शिकला होता, म्हणून विराटकन्या उत्तरेस शिकविण्याचे काम त्यास साजले. चांगल्या कथेचे पहिले लक्षण हेच: रूप पालटण्यास सबळ कारण असते, आणि ते उघडे पडल्यास काही मोलाचे गमवावे लागते.

दुसरे लक्षण असे की, रूप पालटले तरी माणूस तोच राहतो. पालटते ती जगाची दृष्टी. कौरवांनी गाई वळविल्या, तेव्हा राजपुत्र उत्तराने अंतःपुरात शौर्याच्या मोठ्या गोष्टी सांगितल्या, आणि शत्रूचे सैन्य दिसताच रथातून उडी टाकून पळ काढला. लांब वेणी उडवीत त्याच्यामागे धावणारी बृहन्नडा पाहून सैनिक हसले. पण तिनेच त्यास धरून आणिले व गाई सोडविल्या. इकडे राजा विराट पुत्राच्या विजयाची स्तुती करू लागला. बृहन्नडा सारथी असता जय होणारच, असे कंकाच्या वेषातील युधिष्ठिर म्हणताच राजाने रागाने त्याच्या तोंडावर फासा फेकिला व त्याच्या नाकातून रक्त वाहू लागले. तो पराक्रम बृहन्नडेचा असेल, ही कल्पनाच राजास सोसवेना. येथे आपणांस हसू येते ते वेणीचे नव्हे, तर पाहणाऱ्याच्या आंधळेपणाचे.

तिसरे लक्षण सर्वांत महत्त्वाचे. पालटलेल्या रूपात मनुष्य जे जगला, त्याने त्याचे मन विशाल झाले पाहिजे. युद्धास निघताना उत्तरेने बाहुल्यांसाठी शत्रूंची तलम रंगीत वस्त्रे मागितली होती. एवढ्या संग्रामातही अर्जुन ते विसरला नाही. पुढे विराटाने उत्तरा त्यास देऊ केली, तेव्हा त्याने नकार दिला. वर्षभर तिने आपणावर पित्याप्रमाणे विश्वास टाकिला होता, हे स्मरून त्याने तिला अभिमन्यूसाठी, सून म्हणून स्वीकारिले. त्या वर्षाचे खरे फळ हेच नव्हे काय?

आपल्या नगरातील नाट्यगृहास ज्यांचे नाव आहे, ते केशवराव भोसले (१८९०–१९२१) लहानपणी देवलांच्या 'संगीत शारदा' नाटकात शारदेच्या भूमिकेने नावारूपास आले. त्या काळी अशा नाटक मंडळ्यांत स्त्रियांच्या भूमिका बहुधा मुलगे व पुरुषच करीत. शारदा ही म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी कोवळी मुलगी. प्रेक्षक जर मुलाने नेसलेल्या लुगड्यासच हसत बसले असते, तर तिचे दुःख त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नसते.

हे सर्व त्या विद्यार्थ्यास सांगितले. त्याने कथा पुन्हा काढिली. तीत वेणी एकाच चौकटीत उरली. नव्या कथेत मुलगी झालेला तो मुलगा संध्याकाळी नेहमीप्रमाणे मैदानाकडे निघतो, आणि घरातील मंडळी त्यास उंबऱ्यावरच अडवितात. धाकटा भाऊ मात्र चेंडू घेऊन खुशाल निघून जातो. शेवटच्या चौकटीत तो नुसता दाराशी उभा आहे.

या वेळी वर्गात कोणी हसले नाही. मागच्या बाकावरील एका मुलीने मात्र विचारिले, "गुरुजी, पुढे त्याला जाऊ देतात का?"

बालमित्रांनो, असा प्रश्न ज्या कथेमुळे मनात उभा राहतो, ती कथा चांगली. आणि पालकहो, त्या प्रश्नाचे उत्तर बहुधा आपल्याच घराच्या उंबऱ्यावर द्यावयाचे असते.