‘बंदिवान’ म्हणजे कोण?

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या हातून एक चूक घडली. एका धर्मग्रामातील तरुणांनी कारागृहाला दिलेल्या भेटीचे वृत्त आम्ही ‘गुन्हेगारांसमवेत एक दिवस’ या मथळ्याखाली प्रसिद्ध केले. चार दिवसांनी एक माता आमच्या कार्यालयात आली. “फादर, माझ्या मुलाचा खटला अजून उभा राहिलेला नाही. कोर्टाने जे म्हटलं नाही ते तुम्ही कसं छापलंत?” असे तिने विचारले. आमच्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून आज या शब्दांविषयी थोडे लिहीत आहोत.

‘कैदी’ हा शब्द अरबी ‘कैद’पासून आला, कैद म्हणजे बेडी. ‘बंदी’ व ‘बंदिवान’ यांच्या मुळाशी बांधणे ही क्रिया आहे. संस्कृत ‘बंध’ आणि फारसी ‘बंद’ ही एकाच कुळातील भावंडे होत. ‘तुरुंग’ हा तर पोर्तुगीजांकडून आलेला पाहुणा. त्यांच्या भाषेत ‘त्रोंको’ म्हणजे झाडाचे खोड, आणि त्यावरून कैद्याचे पाय अडकविण्याचा लाकडी खोडा. फिलिप्पै येथे पौल व सीला यांचे पाय अशाच खोड्यात अडकविले होते, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या वाचकांस ठाऊक आहे. यांपैकी एकाही शब्दाचा मूळ अर्थ ‘दोषी’ असा नाही. माणूस बांधलेला आहे, एवढेच ते सांगतात.

कारागृहाची परिभाषाही याबाबतीत आपल्यापेक्षा काटेकोर आहे. ज्याचा गुन्हा न्यायालयात सिद्ध झाला तो ‘सिद्धदोष बंदी’. ज्याचा खटला चालू आहे किंवा सुरूच व्हायचा आहे तो ‘न्यायाधीन बंदी’, म्हणजे बोलीतला ‘कच्चा कैदी’. प्रतिबंधक कायद्याखाली अडकविलेला तो ‘स्थानबद्ध’. २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत सुमारे ५ लाख ७३ हजार बंदी होते आणि त्यांपैकी सुमारे ४ लाख ३४ हजार न्यायाधीन होते. म्हणजे चारांतील तिघे! जेज्वीट धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली, ते तळोजा कारागृहात होते आणि ५ जुलै २०२१ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी मुंबईतील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. तेव्हा ते न्यायाधीनच होते.

घरचे कोणी न्यायाधीन असल्यास एक गोष्ट लक्षात ठेवावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या बंदीने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडण्याची तरतूद आहे. मृत्युदंड वा जन्मठेपेचे गुन्हे यात येत नाहीत. एकाहून अधिक खटले प्रलंबित असल्यासही हा लाभ मिळत नाही. न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी कारागृहाच्या अधीक्षकांवर आहे. घरच्यांनी त्याविषयी विचारणा करण्यास संकोच करू नये.

पवित्र शास्त्राच्या मूळ ग्रीकमध्ये बंदिवानासाठी वेगवेगळे शब्द येतात. लूकच्या शुभवर्तमानात नाझरेथच्या सभास्थानी प्रभू ज्यांच्या सुटकेची घोषणा करतो, ते ‘आयखमालोतोस’, म्हणजे भाल्याच्या टोकावर पकडलेले युद्धकैदी. फिलेमोनाला लिहिताना पौल स्वतःला ख्रिस्ताचा ‘देस्मिओस’, म्हणजे साखळीने बांधलेला, म्हणवतो. त्याने ती ओळख लपविली नाही. पत्राच्या पहिल्याच ओळीत घातली.

लॅटिन ‘काप्तिवुस’चे मात्र वेगळेच झाले. त्याचा अर्थ ‘पकडलेला’. इटालियनमध्ये त्याचाच ‘कात्तिवो’ झाला आणि आज त्या शब्दाचा अर्थ आहे ‘वाईट’. शेकडो वर्षांच्या वापरात ‘पकडलेला’ याचा ‘वाईट’ झाला. आमच्या मथळ्याने एका रात्रीत तेच केले होते.

पोप फ्रान्सिस यांनी २६ डिसेंबर २०२४ रोजी रोमच्या रेबिब्बिया कारागृहात ज्युबिलीचे पवित्र दार उघडले. पुढे १७ एप्रिल २०२५ च्या पवित्र गुरुवारी, मृत्यूच्या चार दिवस आधी, ते रेजिना चेली कारागृहातील बंदिजनांना भेटले. कोण सिद्धदोष आणि कोण न्यायाधीन, हे दोन्ही वेळा दाराशी विचारले गेले नाही.

आमच्या त्या वृत्ताचा मथळा आता ‘बंदिजनांसमवेत एक दिवस’ असा केला आहे. त्या मातेस तसे कळविले आहे.