कुलूप घरचे, किल्ली परक्या हाती

घराला कुलूप असावे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु कपाट आपले, आतील वस्तूही पैसे मोजून आपण घेतलेली, आणि किल्ली मात्र दुसऱ्याच्या हाती, अशी व्यवस्था कोणी सुचविली तर आपण ती मान्य करू काय? आपल्या मोबाइल फोनात ही व्यवस्था केव्हाच रूढ झाली आहे.

बंगळूरचे मल्लेश्वरम मराठी वाचकांना अगदीच परके नाही. तेथील काडू मल्लेश्वराच्या देवालयाशी शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचे नाव निगडित आहे. या वस्तीला लागूनच भारतीय विज्ञान संस्था आहे. तेथील काही प्राध्यापकांनी बंगळूरच्याच एन्कोर या कंपनीच्या साह्याने ‘सिंप्युटर’ हा तळहातावर मावणारा संगणक घडविला आणि २००१ साली तो लोकांपुढे मांडला. तो लिनक्स या मुक्तस्रोत प्रणालीवर चाले. म्हणजे त्याची मूळ आज्ञावली कोणासही वाचता, तपासता व सुधारता येई. एकच यंत्र अनेकांनी वापरावे, प्रत्येकाने आपले स्मार्ट कार्ड त्यात घालावे आणि आपली माहिती उघडावी, अशी योजना होती. व्यापारात सिंप्युटरला फारसे यश लाभले नाही. पण किल्ली वापरणाऱ्याच्या हाती असावी, हा त्यातील विचार आजही मननीय आहे.

आज घरोघरी दिसणाऱ्या अँड्रॉइड प्रणालीचा गाभाही मुक्तस्रोत आहे. म्हणूनच कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या जुन्या फोनावर ‘लिनिएज’सारखी मुक्त प्रणाली बसवून तो आणखी काही वर्षे वापरता येतो. काटकसरी गृहस्थास हे रुचावे असेच आहे. मात्र अडचण पुढे येते. चित्रपट पुरविणाऱ्या संस्था चित्रपट सांकेतिक रूपात धाडतात व फोनाची परीक्षा घेऊन मगच तो उलगडण्याची किल्ली देतात. यास डिजिटल हक्क व्यवस्थापन म्हणतात. अँड्रॉइडवर हे काम बहुधा ‘वाइडवाइन’ करते. ही गूगलच्या मालकीची यंत्रणा असून ती मुक्त नाही. तिच्या वरच्या पातळीत चित्र फोनाच्या सुरक्षित कप्प्यात उलगडते, तर खालच्या पातळीत साध्या आज्ञावलीत. प्रणाली बदलताच अनेक फोन खालच्या पातळीवर येतात आणि कित्येक संस्था त्यांना कमी सुस्पष्ट चित्रच देतात. वर्गणी मात्र तेवढीच!

लेखक, गायक व नट यांच्या श्रमांचे मोल मिळालेच पाहिजे, आणि चोरीला आळा घालण्यासाठी कुलूप असणे समजण्यासारखे आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेले ६५-अ हे कलमही तेच सांगते. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. परंतु कायद्याने स्पष्टपणे निषिद्ध न केलेल्या हेतूने केलेल्या कृतीस हे कलम आड येत नाही, हेही तेथेच नमूद आहे. कायद्याने हेतू पाहिला. यंत्र तो पाहत नाही. चोर आणि जुना फोन जपणारा गृहस्थ त्याला सारखेच!

शिवाय किल्ली देणाराच दुकान बंद करून गेला तर? मायक्रोसॉफ्टने २०१९ साली आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांचे पैसे परत मिळाले. पुस्तके मात्र वाचता येईनाशी झाली. कागदी पुस्तकाचे दुकान बंद पडले म्हणून आपल्या फडताळातील पुस्तक नाहीसे होत नाही.

म्हणून वाचकहो, पैसे देण्यापूर्वी आपण वस्तू विकत घेत आहोत की केवळ वापरण्याची परवानगी, हे पाहावे. शक्य असेल तेथे कुलूप नसलेली प्रत घ्यावी. फोनाची प्रणाली बदलण्यापूर्वी आतील छायाचित्रे व कागदपत्रे दुसरीकडे उतरवून ठेवावीत, कारण त्या क्रियेत ती बहुधा पुसली जातात. बँकेची व्यवहारसाधने नंतर चालतील किंवा नाही, याचीही आधी चौकशी करावी. मुलाबाळांनी पुढे वाचावे असे वाटणारे पुस्तक मात्र ज्याची किल्ली आपल्याजवळ आहे अशाच कपाटात ठेवणे इष्ट.