टेनेस्मस : शौचाची फसवी हाक

शौचास जाऊन दहा मिनिटेही होत नाहीत, तोच पुन्हा जाण्याची निकड भासते. कितीही कुंथले तरी थोडी शेम, क्वचित रक्ताचा थेंब, याखेरीज काहीच पडत नाही आणि कळ मात्र वाढत जाते. या अवस्थेस वैद्यकशास्त्रात ‘टेनेस्मस’ म्हणतात. हा स्वतंत्र रोग नव्हे. गुदाशयात काहीतरी बिघडल्याचे ते लक्षण होय.

‘ताणणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदापासून हा शब्द बनला आणि लॅटिनमार्गे आधुनिक वैद्यकात रूढ झाला. आयुर्वेदातील ‘प्रवाहिका’ ही संज्ञाही याच अनुभवावर बेतलेली आहे. नावावरून वाहते जुलाब असा समज होतो. परंतु येथे ‘प्रवाहण’ म्हणजे कुंथणे. प्रसूतीच्या वेळी जोर करण्यासही आयुर्वेदात हाच शब्द आहे. सुश्रुतसंहितेत अतिसाराच्या विवेचनात प्रवाहिकेचे वर्णन येते. बोलीभाषेत आपण ‘आव’ किंवा ‘मुरडा’ म्हणतो, तो विकार याच्या जवळचा.

असे का होते? गुदाशय मलाने भरला, की त्याच्या भिंती ताणल्या जातात आणि तेथील मज्जातंतू मेंदूला तशी वर्दी देतात. भिंतीला सूज वा जखम असेल, तर हे मज्जातंतू अतिसंवेदनशील होतात आणि गुदाशय रिकामा असतानाही तीच वर्दी जाऊ लागते. तेथे गाठ असल्यास शरीर तिलाच मल समजून बाहेर ढकलू पाहते.

बद्धकोष्ठात मल असतो, पण तो उतरत नाही. टेनेस्मसमध्ये उतरण्याजोगे बहुधा काही नसतेच. नेमका येथेच घोळ होतो. आपल्याकडे या दोन्ही तक्रारी ‘पोट साफ होत नाही’ या एकाच वाक्यात सांगितल्या जातात. परिणामी रुग्ण रेचके घेत राहतो आणि दाह असलेल्या आतड्याला आणखी त्रास होतो. सतत जोर केल्याने मूळव्याध बळावते, ती वेगळीच.

कारणे अनेक आहेत. अल्पकाळच्या त्रासामागे बहुतेकदा जंतुसंसर्ग असतो. जपानमधील 1897 च्या साथीत कियोशी शिगा यांनी ज्याचा शोध लावला, तो शिगेला जिवाणू किंवा दूषित अन्नपाण्यातून जाणारा अमिबा, ही त्याची परिचित उदाहरणे. ताप आणि रक्तमिश्रित जुलाब असताना, जुलाब थांबवणारी गोळी स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे ठरते. दीर्घकाळच्या त्रासामागे अल्सरेटिव्ह कोलायटिस, क्रोन्स डिसीज, ओटीपोटावरील किरणोपचारांचा परिणाम किंवा गुदाशयाचा कर्करोग असू शकतो.

टेनेस्मस म्हणजे कर्करोगच, असे मुळीच नाही. मात्र रक्त दिसले, की ‘मूळव्याध असेल’ असे ठरवून काही महिने घरगुती उपायांत दवडणे महागात पडते. गुदाशयाचा कर्करोग लवकर सापडल्यास तो बरा होण्याची शक्यता पुष्कळ असते. म्हणूनच त्रास दोन-तीन आठवडे टिकल्यास, शौचावाटे रक्त गेल्यास, वजन घटल्यास किंवा शौचाची नेहमीची सवय बदलल्यास तपासणी टाळू नये. मलाची तपासणी, डॉक्टरांनी बोटाने केलेली गुदाशयाची परीक्षा आणि गरज भासल्यास दुर्बिणीतून पाहणी, असा साधारण क्रम असतो. उपचार मूळ कारणावर होतात. ते दूर झाले, की फसवी हाकही थांबते.

या विषयावर बोलण्याचा संकोच स्वाभाविक आहे. तरीही डॉक्टरांसमोर केवळ ‘पोट साफ होत नाही’ एवढेच सांगून थांबू नये. दिवसातून किती वेळा जावेसे वाटते, प्रत्यक्षात काय पडते, रक्त किंवा शेम असते का आणि रात्री झोपेतून उठावे लागते का, एवढ्या चार गोष्टी स्पष्ट सांगितल्या, तरी निदानाची वाट बरीच सोपी होते.