ढगांआडचे खग्रास

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या माणसाला खग्रास सूर्यग्रहण बघायचे असेल, तर त्याने पंचांगात आधी महिना बघावा. अमावास्या ठरलेलीच असते, नशीब ठरवतो तो ऋतू.

२२ जानेवारी १८९८ रोजी चंद्राची सावली विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर चढली आणि जेऊर, पुलगाव करत शहडोल-बक्सरकडे गेली. पुलगाव ते शहडोल अशी रेषा नकाशावर ओढली, तर ती नागपूरला जवळजवळ खेटून जाते. ग्रहण टिपायला विजयदुर्गला खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर होते, जेऊरला पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला आणि याच पट्ट्यातल्या तळणीला खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅनी माउंडर. हिवाळ्याचे स्वच्छ आकाश लाभले आणि माउंडरबाईंच्या छायाचित्रात सूर्याच्या प्रभामंडलाचा लांबलचक झोत उमटला.

पावसाळ्याचा हिशेब वेगळा. १८ ऑगस्ट १८६८ ला जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक लावून बसले होते आणि वर ढगांची ये-जा चालू होती. ढग क्षणभर बाजूला झाले, तेवढ्यात सूर्याच्या कडेवरच्या ज्वालेच्या वर्णपटात लाल, नारिंगी आणि निळी अशा तीन ठळक रेषा त्यांना दिसल्या. यातली नारिंगी रेषा हेलियमची, हे पुढे कळले. २२ जुलै २००९ ला सावली सुरत, इंदूर, पाटण्यावरून गेली, पण बिहारमधल्या तारेगनाला जमलेली गर्दी ढगांकडेच बघत राहिली. नागपुरातून ते ग्रहण खंडग्रासच होते.

मग ढगाळ खग्रासाला जाणे फुकट का? नाही. प्रभामंडल हुकते, सावली हुकत नाही.

भर दुपारी उघड्यावर साधारण एक लाख लक्स प्रकाश असतो. सूर्य ९९ टक्के झाकला तरी हजारभर लक्स उरतात आणि डोळे तेवढ्याशी सहज जुळवून घेतात. दाट ढगांखाली मात्र मुळातला प्रकाशच दहाव्या हिश्शावर आलेला असतो. त्यामुळे ९९ टक्क्यांना शंभरेक लक्स, म्हणजे घरातल्या दिव्याइतका उजेड राहतो आणि शेवटच्या काही सेकंदांत तोही जातो. पश्चिमेकडून ढगांच्या पोटावर काळोख सरकत येताना दिसतो. सावलीच्या पट्ट्याबाहेर ऊन असते, म्हणून क्षितिजालगत आकाश मोकळे असेल तर चहूकडे सांजेसारखी नारिंगी कड उमटते. निरभ्र आकाशात सगळ्यांच्या नजरा सूर्यावर खिळलेल्या असतात, त्यामुळे हे सहसा कोणी पाहत नाही.

ग्रहण स्वतः थोडे ढग पुसतेही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका उपग्रह-अभ्यासात, सूर्य सुमारे १५ टक्के झाकला जाताच जमिनीवरचे कापसासारखे उथळ ढग विरू लागतात, असे आढळले. जमीन निवते, गरम हवेचे वर चढणे थांबते आणि ढगाची रसद तुटते. पावसाळ्याच्या जाड थरांना मात्र याने काही फरक पडत नाही.

एक खबरदारी: विरळ ढगातून सूर्याची चकती सौम्य दिसली तरी खग्रास सुरू होईपर्यंत ग्रहणचष्मा काढू नका. ढग म्हणजे गाळणी नव्हे.

भारतातून दिसणारे पुढचे खग्रास २० मार्च २०३४ ला जम्मू-काश्मीर आणि लडाखच्या काही भागांतून दिसेल. तेथे जाणार असाल तर चष्म्यासोबत, जमीन निवताना टिपायला, तापमापकही न्या, आणि आभाळ भरून आले तर पाठ फिरवू नका, पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा.