शनिवारच्या गाडीतून दिसणारी खाडी

पुष्कळ गावकरी सांताक्रूझला कामधंद्यासाठी राहतात. आठवडाभर राबतात आणि शनिवारी संध्याकाळी सफाळ्याला, पालघरला आपल्या घरी जातात. तुमच्यापैकीही कुणी जात असेल.

सांताक्रूझचा समुद्र म्हणजे जुहू. पण तो गाडीतून दिसत नाही. मध्ये घरेच घरे आहेत. बोरिवली, दहिसर मागे पडले, की जरा मोकळे वाटते. मिरा रोड-भाईंदरकडे मिठागरे लागतात. पूर्वीइतकी ती आता राहिली नाहीत. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. भरतीचे पाणी बांधाआड घेतात. एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सोडतात. ऊन पाणी पिऊन टाकते, मीठ मागे उरते.

भाईंदर सुटले, की गाडी पुलावर धडधडते. ही वसईची खाडी. उल्हास नदीचे पाणी इथून समुद्राला मिळते. मध्येच एक बेट आहे, पाणजू. तिथले लोक वर्षानुवर्षे होडीने नायगावला ये-जा करत आले आहेत. डाव्या खिडकीतून पाहा. सूर्य पाण्यावर झुकलेला असतो. सगळ्या वाटेत इतकी देखणी जागा दुसरी नाही, असे मला तरी वाटते.

पण एक गंमत आहे. या शनिवारी खाडी काठोकाठ भरलेली दिसते. पुढच्या शनिवारी त्याच गाडीतून पाहावे, तर चिखल उघडा पडलेला! असे का?

भरती दिवसातून दोनदा येते. पण ती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. सात दिवसांत हा उशीर जवळजवळ सहा तासांचा होतो. म्हणजे भरतीच्या वेळी ओहोटी येते. आणखी सात दिवसांनी पुन्हा भरती.

कोळी लोकांचा यावर सोपा हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. एकादशीला सव्वाआठ. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. थोडे पुढेमागे होते, पण काम भागते.

पौर्णिमेला आणि अमावास्येला मोठी भरती येते. तिला उधाण म्हणतात. मग पौर्णिमेच्या संध्याकाळी खाडी भरलेली दिसेल, असे तुम्हाला वाटेल. तसे होत नाही. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरती दुपारीच येऊन गेलेली असते. संध्याकाळच्या गाडीतून ओहोटी दिसते, आणि तीही खोल. तेव्हा काठचा चिखल पाहा. बोटाएवढी टोके वर आलेली असतात. ती तिवराची मुळे. खाडीच्या चिखलात हवा फार थोडी, म्हणून हे झाड नाके वर काढून श्वास घेते. तिवर काठाची माती धरून ठेवतात, लाटांचा जोर मोडतात. मासळीची पिल्लेही त्यांच्या आडोशाला वाढतात.

भरतीची वेळ केवळ देखाव्यापुरती नाही. सांताक्रूझच्या लोकांना हे २००५ साली कळले. २६ जुलैला तिथल्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३७ इंच पाऊस मोजला गेला. दुपारी पाऊस कोसळत होता आणि समुद्राला भरती होती. मिठी नदी आपले पाणी माहीमच्या खाडीत टाकते. पण खाडीच भरलेली. पाणी जाणार कुठे? ते कुर्ल्यात, कलिन्यात घराघरांत शिरले. मुंबईत शेकडो माणसे दगावली. गाड्या जागच्या जागी थांबल्या. कित्येक जण रात्रभर पाण्यातून चालत घरी गेले.

विरारच्या पुढे वैतरणेची खाडी लागते. थंडीच्या दिवसांत तिथे पोचेपर्यंत अंधार पडतो. वारा मात्र खारा लागतो, त्यावरून ओळखावे. शनिवारी निघताना तिथी पाहून ठेवा. वसईच्या पुलावर काय दिसणार, ते शेजारी बसलेल्याला आधीच सांगता येईल.