एका प्रांताचें मद्यकोठार

दारूच्या वखारीचा कारभार हा कांहीं घरोघरीं बोलण्याचा विषय नव्हे. तरीपण जेथें हा व्यापार सरकारनें स्वतःच्या अंगावर घेतला आहे, तेथें तो जवळून पाहण्यासारखा आहे. महाराष्ट्रांत मद्याची घाऊक विक्री परवानाधारक व्यापारी करतात व सरकार कर घेऊन बाजूला राहतें. तमिळनाडूंत घाऊक विक्री १९८३ सालापासून सरकारी मंडळाकडे गेली. परंतु या पद्धतीचें जुनें आणि ठळक उदाहरण म्हणजे कॅनडांतील ऑन्टारिओ प्रांत.

या प्रांतांत १९१६ पासून दारूबंदी होती. ती १९२७ सालीं उठली; पण उठवितांना सरकारनें विक्रीची किल्ली आपल्याच कमरेला ठेवली. बीअरच्या कारखानदारांचीं व स्थानिक वाइन करणाऱ्यांचीं दुकानें सोडलीं, तर बाटली सरकारी दुकानांतच मिळावी असें ठरलें आणि त्यासाठीं लिकर कंट्रोल बोर्ड स्थापन झालें. गिऱ्हाइकाला वैयक्तिक परवाना काढावा लागे. त्याच्या पुस्तकांत कारकून खरेदीची नोंद करी. ही परवान्याची पद्धत १९६२ पर्यंत चालली. दुकानांत बाटल्या मांडलेल्या दिसतहि नसत. गिऱ्हाइकानें चिठ्ठी लिहून द्यावी आणि कारकुनानें आंतून बाटली आणून द्यावी, असा शिरस्ता. स्वतःच्या हातानें फळीवरून बाटली उचलण्याची सोय असलेलें पहिलें सरकारी दुकान १९६९ सालीं निघालें. तोंवर प्रत्येक दुकान ही एक छोटेखानी वखारच होती, आणि तिच्यामागें मोठी वखार उभी होती.

त्या मोठ्या वखारींत जगाच्या कानाकोपऱ्यांतून माल येतो आणि तेथून सहाशेंहून अधिक सरकारी दुकानांना जातो. हिशोबाचें परिमाण म्हणजे नऊ लिटरांची पेटी, अर्थात् पाऊण लिटराच्या बारा बाटल्या. तांदळाचें पोतें फुटलें तर तांदूळ झाडून गोळा करतां येतात. येथें फुटलेली बाटली गेली ती गेलीच. म्हणून फुटलेली बाटली आणि हरवलेली बाटली यांचा हिशोब कटाक्षानें निराळा ठेवावा लागतो. ‘फूट’ म्हणून लिहिलेली बाटली वस्तुतः कोणाच्या पिशवींतून बाहेर गेली असेल, तर किमतीबरोबर सरकारचा करहि बुडतो. बोर्डाकडून प्रांताच्या तिजोरींत अलीकडच्या वर्षांत दरसाल दोन अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम जमा होत आली आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे वखारवाल्याची मोजदाद इतकी काटेकोर कां, हें सांगावें लागत नाहीं.

मोजणें एक वेळ सोपें, सांभाळणें कठीण. व्हिस्की वर्षानुवर्षें बंद बाटलींत बिघडत नाहीं, पण बीअरची चव थोड्याच महिन्यांत उतरते. म्हणून तेथें आधीं आलेला माल आधीं बाहेर पडलाच पाहिजे. तिकडची थंडीहि विलक्षण. बीअर शून्याखालीं दोन-तीन अंशांवर, तर वाइन पांच-सहा अंशांवर गोठूं लागते. मग बूच वर सरकतें किंवा कांच तडकते. चाळीस टक्के मद्यार्क असलेली बाटली मात्र शून्याखालीं वीस अंशांतहि गोठत नाहीं. उलट सुमारें २६ अंशांच्या उष्म्यांत तिच्यांतील वाफ ठिणगी लागतांच पेट घेऊं शकते. एकाच छपराखालीं अशा भिन्न स्वभावाच्या वस्तू नांदवावयाच्या असतात.

बोर्डाची स्वतःची रसायनशाळाहि आहे, आणि सरकारी मक्तेदारीचें सर्वांत भरभक्कम समर्थन कदाचित् तेथेंच सांपडेल. १९८५ सालीं कॅनडांत अनेक मद्यांमध्यें ईथाइल कार्बामेट नांवाचें अपायकारक द्रव्य आढळलें. तें कोणी मुद्दाम मिसळलेलें नव्हतें. आंबण्याच्या क्रियेंत युरिया आणि मद्यार्क यांच्या संयोगानें तें आपोआप बनतें. कॅनडानें त्याच वर्षीं मर्यादा घालून दिल्या: साध्या वाइनच्या एका लिटरांत ३० मायक्रोग्रॅम, व्हिस्कीसारख्या मद्यांत १५०. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. वखारवाल्याच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. वाइन जितकी उष्ण जागीं आणि जितका अधिक काळ पडून राहील, तितकें हें द्रव्य वाढतें. म्हणजे कारखान्यांत निर्दोष ठरलेली बाटलीहि निष्काळजी वखारींत सदोष होऊं शकते.

अशी चोख व्यवस्था असली, तरी साऱ्या प्रांताचा माल एकाच दरवाजानें आंत-बाहेर करण्यांत मोठा धोका आहे, आणि तो अलीकडे दोनदां प्रत्ययास आला. ५ जुलै २०२४ रोजीं बोर्डाच्या नऊ हजारांहून अधिक नोकरांनीं संप पुकारला. बोर्डाच्या इतिहासांतील तो पहिलाच संप. तयार मिश्रित पेयें कोपऱ्यावरच्या खाजगी दुकानांना विकूं द्यावीं कीं नाहीं, हा वादाचा मुख्य मुद्दा होता. संप मिटेपर्यंत दोन आठवड्यांहून अधिक काळ सरकारी दुकानांचे दरवाजे बंद राहिले. ५ सप्टेंबरपासून त्या खाजगी दुकानांना विक्रीची मुभा मिळालीच. घाऊक विक्रेता मात्र बोर्डच राहिलें. मोठ्या दुकानाला पॅलेट भरून माल पाठविणें सोपें. लहान दुकानासाठीं तेंच पॅलेट फोडून चार पेट्या निरनिराळ्या वेंचाव्या लागतात, आणि वखारींतील खरी मजुरी त्या वेंचणींतच आहे.

दुसरा प्रसंग मार्च २०२५ चा. अमेरिकेनें कॅनडाच्या मालावर जकात बसवितांच ऑन्टारिओ सरकारनें ४ मार्च रोजीं अमेरिकन मद्य दुकानांतून काढून घ्यावयास लावलें. घाऊक व्यापार एकाच हातीं असल्यामुळें उपाहारगृहांना व खाजगी दुकानांनाहि तो माल मिळेना. एका आज्ञेनें ३,६०० हून अधिक जिनसा बाजारांतून नाहींशा झाल्या. खाजगी व्यापाऱ्यांच्या हातीं धंदा असता, तर इतक्या झटपट हें साधलें नसतें. पण काढलेला माल जावयाचा कोठें? तो वखारींतच परत आला. सुमारें आठ कोटी कॅनेडियन डॉलरांचा हा साठा विकावयाचा नाहीं, परत धाडावयाचा नाहीं आणि टाकावयाचाहि नाहीं, अशा स्थितींत अनेक महिने पडून राहिला. केंटकीची व्हिस्की स्वस्थ बसूं शकत होती. तिच्या शेजारच्या बीअरचे दिवस मात्र रोज एकेक कमी होत होते.