भिंतीवरची गॅसची नळी आणि जस्ताचा त्याग

मुंबई-ठाण्याकडच्या एखाद्या इमारतीच्या मागच्या बाजूस उभे राहून वर पाहा. भिंतीला धरून मजल्यामजल्यावर फाटे फोडीत गेलेली, बहुधा पिवळ्या रंगाची एक नळी तुम्हांला दिसेल. स्वयंपाकघरातील शेगडीला नैसर्गिक वायू पुरवणारी हीच ती नळी. ऊन, पाऊस आणि खारा वारा हे सारे ती वर्षानुवर्षे सोसते. तिला भोक पडले तर काय होईल, हे सांगायला नकोच. मग तिचे रक्षण कोण करते?

नळी लोखंडाची आहे. लोखंडाला पाणी आणि प्राणवायू एकत्र भेटले की गंज चढतो. पाण्यात मीठ असेल तर ही क्रिया अधिक वेगाने होते. म्हणून समुद्रकाठी गंज लवकर धरतो. गंज सच्छिद्र असतो. तो खालच्या धातूला झाकत नाही, उलट ओल धरून ठेवतो.

यावर उपाय म्हणजे जस्ताचा थर. सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापमानाच्या वितळलेल्या जस्तात नळी बुडवून काढतात. या पद्धतीचे पेटंट सोरेल या फ्रेंच अभियंत्याने १८३७ साली घेतले. बाजारात ‘जी. आय. पाइप’ म्हणतात तो हाच.

जस्त हे नुसते पांघरूण नव्हे. थराला ओरखडा पडून लोखंड उघडे पडले, तरी ते लगेच गंजत नाही. जस्त लोखंडापेक्षा अधिक सहजपणे इलेक्ट्रॉन देऊन टाकते. त्यामुळे ओल आली की आधी जस्त झिजते आणि शेजारचे लोखंड वाचते. १८२४ साली हंफ्री डेव्ही यांनी जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले, ते याच तत्त्वावर.

हे स्वतः पाहायचे आहे? एका पेल्यात मिठाचे पाणी घ्या. त्यात एक साधा खिळा आणि जस्त चढवलेल्या तारेचा एक तुकडा, एकमेकांना न लागतील असे ठेवा. तारेवर आधी कानशीने एक ओरखडा काढा. दोन-तीन दिवस पाहत राहा. खिळा तांबूस होईल. ओरखड्याजवळ मात्र पांढरी भुकटी दिसू लागेल. ती झिजलेल्या जस्ताची होय.

पण जस्त संपले की त्याचा पहाराही संपतो. म्हणून त्यावर रंग देतात. रंग असूनही काही जागा नाजूक राहतात. सांध्यासाठी आटे पाडताना जस्त कापले जाते; तेथे गंज आधी धरतो. क्लॅम्पखाली ओल साचते. वातानुकूलन यंत्राचे पाणी रोज ठिबकले, तर नळीला बारमाही पावसाळाच!

मग जमिनीखालच्या वाहिनीप्रमाणे येथेही न गंजणारे प्लास्टिक का वापरत नाहीत? कारण जमिनीखाली वापरतात ते पॉलिएथिलीन उन्हातील अतिनील किरणांनी ठिसूळ होते आणि आगीत टिकत नाही.

कित्येकांना नळी कुरूप वाटते व ते ती लाकडी पेटीत झाकतात. हे घातक आहे. नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन असतो. तो हवेपेक्षा हलका असल्यामुळे उघड्यावर वर निघून जातो. बंद जागेत मात्र साचतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्के झाले की एक ठिणगी पुरते. शिवाय झाकलेला गंज दिसत नाही.

म्हणून नळीवर कपडे वाळत घालू नका, तिला वेल चढू देऊ नका, विजेची तार बांधू नका. रंगाचे पोपडे वा गंज दिसल्यास स्वतः खरवडू नका. वडीलधाऱ्यांकरवी गॅस पुरवणाऱ्या कंपनीला कळवा. घरात वायूचा वास आला तर विजेचे बटण दाबू नका. झडप बंद करा, खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन मग दूरध्वनी करा. मिथेनला स्वतःचा वास नसतो. तुम्ही सावध व्हावे म्हणूनच त्यात उग्र वासाचा पदार्थ मिसळलेला असतो.

आज शाळेतून घरी जाताना आपल्या इमारतीची नळी एकदा खालून वरपर्यंत नजरेने तपासा. जस्त आपले काम मुकाट्याने करीत आहे. त्यावर लक्ष ठेवणे हे आपले काम.